दुखणं अंगावर काढू नका! छातीच्या ऑपरेशनमधल्या ‘ब्लॉक’च्या भन्नाट गोष्टी

रायगडच्या दक्षिण टोकाला हरिहरेश्वर, उत्तरेला खारघर. इकडे काळभैरव, तिकडे टाटा स्मारकचं कॅन्सर केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’. श्रीवर्धन तालुक्यातल्या एखादीला स्तनाचा कॅन्सर निघाला की घरचे विचारतात, ‘टाटाला कधी जायचं?’ तिच्या मनात मात्र भलताच प्रश्न असतो : ‘किती दुखेल?’ या प्रश्नाचं आजचं उत्तर दिलासा देणारं आहे. वाचाच!

सात वर्षांचं अंतर, जमीन-अस्मानाचा फरक
1804 साली जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी वनस्पतींचा काढा पाजून पूर्ण भूल दिली आणि स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन केलं. 1811 साली पॅरिसमध्ये लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन काढला, तो मात्र भुलीविना! त्यानंतर त्या 28 वर्षं जगल्या आणि त्या वेदनेचं वर्णन बहिणीला लिहिलेल्या पत्रात ठेवून गेल्या.

दुखतं छातीत, सुई पाठीत
स्तनाची संवेदना मुख्यतः बरगड्यांमधून येणाऱ्या नसा वाहून नेतात. त्या मणक्याजवळ उगम पावतात. तिथेच औषध सोडलं की दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही; यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. मणक्याशेजारच्या या ब्लॉकची सुरुवात 1905 ची, जर्मनीतली.

पडद्यावर दिसणारं औषध
2011 साली राफाएल ब्लांको यांनी छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडण्याची पद्धत मांडली. भूलतज्ज्ञ गळपट्टीच्या हाडाखाली जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात. पडद्यावर स्नायूंचे थर दिसतात, त्यांत तिरकी शिरणारी सुईची पांढरी रेघ दिसते. औषध सुटलं की दोन थर अलगद विलग होतात आणि मध्ये काळा पट्टा पसरतो. जागा अचूक साधल्याची ती खूण! 2016 मध्ये पाठीच्या स्नायूखाली द्यायचा आणखी एक ब्लॉक आला. त्यात सुई फुप्फुसापासून तुलनेने दूर राहते.

दंडाला मुंग्या का येतात?
बगलेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस दुखावू शकते. म्हणून ऑपरेशन छातीचं, तरी बधिरपणा किंवा जळजळ दंडाला. हे मनाचे खेळ नव्हेत, डॉक्टरांना जरूर सांगा.

पहिली रात्र सोपी
एका ब्लॉकचा असर बरेच तास टिकतो. त्यामुळे मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात आणि त्यांच्यासोबतची मळमळ, गुंगीही कमी होते. मात्र ब्लॉक उतरण्याआधीच वेदनाशामक गोळी सुरू झालेली बरी.

सोयाबीन तेल, तेही शिरेतून!
बधिर करणारं औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर हृदयाला धोका असतो. असं क्वचितच घडतं. त्यावरचा उतारा म्हणजे सोयाबीन तेलापासून बनवलेलं पांढरं, दुधाळ सलाइन.

परळची कमाल
दाढ काढताना देतात ते लिग्नोकेन. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ते ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती टोचलं. देशातल्या 11 केंद्रांत मिळून अभ्यासात सुमारे 1,600 स्त्रिया होत्या. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी 86.4 टक्के. औषध स्वस्त आणि कुठेही मिळणारं! हा अहवाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

एक खुलासा : हे इंजेक्शन वेगळं आणि नसांचा ब्लॉक वेगळा. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, दोन हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात मणक्याशेजारच्या ब्लॉकमुळे कॅन्सर उलटण्याचं प्रमाण घटलं नाही. ब्लॉक घ्यायचा तो वेदना कमी व्हावी म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

हे तीन प्रश्न विचाराच
ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा संकोच नको.
1. मला ब्लॉक देता येईल का? कुठला?
2. असर उतरल्यावर कुठली गोळी, किती वाजता?
3. घरी गेल्यावर दुखलं तर फोन कुणाला करायचा?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर तेही तेव्हाच सांगा. आपल्याकडच्या बायका सोसतात, आणि त्याचं कौतुकही होतं. पण दुखणं कमी असेल तर हात लवकर हलतो, श्वास मोकळा घेता येतो, झोप लागते. म्हणून सोसू नका, मागून घ्या.