पर्यावरण प्रश्नमंजूषा : आयोजन आणि उद्देश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पर्यावरणशास्त्र प्रश्नमंजूषा घेताना प्रथम लेखी चाळणी परीक्षा घ्यावी व दोघा-दोघांचे सहा संघ अंतिम फेरीसाठी निवडावेत. प्रश्नांची उत्तरे प्राध्यापकांकडून आधीच तपासून घ्यावीत, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाहीत.

प्रश्न केवळ पाठांतराचे नसावेत. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची, हे कोणीही सांगेल. परंतु तो विषारी वायू हवेपेक्षा जड होता, म्हणून कारखान्यालगतच्या झोपड्यांत झोपलेली गोरगरीब माणसे प्रथम बळी पडली, हे विद्यार्थ्याला उमगले पाहिजे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आपल्या वस्तीतले पाणी आज शुद्ध आहे काय, हा त्याच्याच पुढचा प्रश्न आहे. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, ही तथागतांची शिकवण अशा स्पर्धेतूनही रुजते.