एका जाळावरचं जेवण

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांत रात्री काय शिजणार, हे बाजारापेक्षा सरपणावर ठरायचं. चुलीवर भात, शेजारच्या वैलावर कालवण आणि भात उतरला की त्याच जाळावर तांदळाच्या भाकऱ्या. जास्तीचं एक लाकूडही जाळायचं नाही, म्हणून पदार्थही तसेच: कुळथाचं पिठलं, आमसूल घातलेलं वरण, सुकटीचं कालवण. वालाचं बिरडं रोजच्या रात्रीचं नव्हेच. भिजवा, मोड आणा, एकेक दाणा सोला. तो पाहुण्यांसाठीचा घाट. (हल्ली बिरडंही ‘झटपट’ म्हणून सांगतात, सोलायला कोण बसतं ते सांगत नाहीत.)

१९६८ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि डोंगरातून मोळी आणणं पहिल्यासारखं राहिलं नाही. २००३ मध्ये अभयारण्य साडेचार चौरस किलोमीटरवरून बारापर्यंत वाढलं. मधल्या काळात घरोघरी रेशनच्या रॉकेलवरचा स्टो आला होता. स्टोला तोंड एकच, वैल नाही. आधी भात, मग कालवण, मग भाकऱ्या म्हटलं तर रॉकेल महिनाभर पुरणार कसं? मला वाटतं, रात्रीच्या भाकरीला पहिली कात्री या स्टोनेच लावली. पुढे कुकर आला, गॅस आला. सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, नोकरीवरून घरी यायला रात्रीचे आठ वाजू लागले आणि वरणभाताच्या तीन शिट्ट्यांवर घरं निभावू लागली.

पण जुनं जेवण स्वस्त पडायचं ते बेगमीमुळे. भात कापल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर वाल आणि कुळीथ यायचे. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून पीठ करून ठेवलेलं असे. उन्हाळ्यात आमसुलं वाळत आणि मासेमारी थांबण्याआधी जवळा, बोंबील डब्यात भरले जात. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या तरी कालवण अडायचं नाही. आज तोच जवळा पाकिटातून शंभर-शंभर ग्रॅम आणायचा आणि मासळी महागली म्हणायचं, याला काय अर्थ आहे? मे महिन्यात किलोभर घ्यावा, कडक ऊन दाखवावं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

संध्याकाळी उशीर झाला की मूठभर जवळा निवडायचा, कोरड्या तव्यावर खरपूस भाजायचा, पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. रेती खाली बसते, म्हणून पाणी दोनदा बदलायचं. तेलात ठेचलेला लसूण, मग जवळ्याच्या दुप्पट कांदा. हळद, घरचा मसाला, दोन आमसुलं. कांदा नरम पडला की जवळा घालून झाकण, पाच-सात मिनिटं. मीठ शेवटी, चाखूनच, कारण जवळा मुळात खारट. भाकरी जमत नसेल तर भाताबरोबरही चालतो. भाजताना खिडकी तेवढी उघडी ठेवा. नव्या पनवेलच्या इमारतींत एवढ्याशा वासावरून लिफ्टमधली बोलणी बंद झालेली पाहिली आहेत.