आठव्या मात्रेची अर्धी

नातेपुत्यात नाच म्हटला की लोकांना आधी अकलूजची लावणी स्पर्धा आठवते. माळशिरस तालुका एकच, तेव्हा साहजिकच आहे. माझी भाची कथकच्या मध्यमा परीक्षेची तयारी करतेय, आणि प्रत्येक लग्नात तिला कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे लावणीच ना?’ ती हल्ली समजावत बसत नाही.

परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला सुरू केलेल्या विद्यालयाची ही परंपरा. प्रारंभिक आणि प्रवेशिका या आधीच्या परीक्षा मुली पायांच्या जोरावर काढतात. शहाबादी फरशीवर टाचा आपटून आपटून तत्कार पक्का होतो, चकरा सरळ येतात. गाडी अडते ती पढंतीला. घुंगरू बाजूला, जागेवर बसायचं, हातावर ताल धरायचा आणि बोल तोंडाने म्हणायचे. पायांमागे लपायला जागाच नाही.

परवा तिच्या कथकच्या ताईंकडे झपताल चालला होता. दहा मात्रा, टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, सहावी खाली, म्हणजे टाळीविना. दुप्पट सोपी: अख्खा ठेका पाच मात्रांत बसतो, म्हणून खालीवर उचलला की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. चौपटीला मात्र अडीचच मात्रा लागतात. म्हणजे ठेका उचलायचा आठव्या मात्रेच्या मध्यातून. आठवीवर टाळी पडते, आणि तोंड अर्धी मात्रा गप्प राहिलं पाहिजे.

‘ताई, टाळी पडली की बोल आपोआप निघतो.’

‘निघू देऊ नको. हात पुढे, तोंड मागे. परत.’

परत. हात वाजला, जीभ सुटली, आणि ठेका समेच्या आधीच संपून बसला. मग ताईंनी टाळीनंतर तिला नुसता श्वास घ्यायला लावला. श्वास संपला की ‘धी’. हे जमलं, आणि दोघींनाही हसू आलं.

त्यानंतरची तिहाई मला फार आवडली. ‘तिग्दा दिगदिग थेई’, तीन मात्रा, तीनदा, एकूण नऊ. शेवटचा थेई समेवर पडायचा असेल तर तीनतालात ती नवव्या मात्रेपासून, खालीवरून उचलायची. तीच झपतालात तिसरीपासून, एकतालात पाचवीपासून. शाळेत गणिताला कुरकुरणारी मुलगी हे बोटांवर क्षणात काढते. गणिताच्या सरांनी एकदा येऊन बघावं.

लेखी पेपरात वेगळाच घोळ. ताल लिहिताना भातखंडे पद्धतीत समेला गुणिले, खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला एक आणि खालीला अधिक. घाईत गुणिले जरा तिरकं झालं की सम खालीत जाते. भाचीने दोन पद्धतींना दोन वेगळ्या वह्या केल्यात, ते मला पटलं.

शास्त्रीय कलेच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून बरेच पालक मुलींना बसवतात. त्यात वाईट काही नाही. पण क्लासची फी भरून मोकळे होऊ नका. तबला, लेहरा काही नसलं तरी चालतं. संध्याकाळी मुलीसमोर बसा आणि झपताल हातावर धरा. दहाच मात्रा आहेत, तासाभरात येतो. तुमची टाळी चालू असताना तिला चौपट म्हणू द्या. नुसतं पायांनी तासभर घोकण्यापेक्षा मध्यमेला हे जास्त कामी येतं.