अर्ध्यावर मोडलेले डाव

राधानगरी धरणाचे शाहू महाराजांनी आरंभिलेले काम १९१८ साली पैशाअभावी थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. अर्ध्या उंचीच्या भिंतीमागेही थोडेफार पाणी अडते. इंटरनेटवर हजारो लोक मिळून खेळतात त्या व्हिडिओ गेमचे तसे नाही. अर्धा गेम कोणालाच खेळता येत नाही; आणि पुरा झाला तरी खर्च थांबत नाही. सर्व्हर अहोरात्र चालवावे लागतात, लबाडी करणारे हुडकावे लागतात, नित्य काही नवे द्यावे लागते. नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस ऑनलाइन' सोडला तो याच हिशेबाने. तो चालवायचा, तर सारी माणसे वर्षानुवर्षे त्यालाच जुंपावी लागली असती; कंपनीचे नाव ज्यावर झाले, ते एकट्याने खेळायचे कथाप्रधान गेम मागे पडले असते.

दुसरी अडचण गर्दीची. जोडच मिळाली नाही तर मल्लाने आखाड्यात उतरून करावे काय? लोकांची संध्याकाळ जुन्या गेमने आधीच अडवलेली असते.

मग हे आधी का कळत नाही? खेळातली गंमत कागदावर दिसत नाही, करूनच पाहावी लागते. ब्लिझर्डने सात वर्षे राबून 'टायटन' सोडल्याचे २०१४ साली जाहीर केले. त्याच्याच अवशेषांतून २०१६ चा 'ओव्हरवॉच' उभा राहिला.

आपली मुले या धंद्यात शिरत आहेत. त्यांतल्या एखाद्याचे चार वर्षांचे काम उद्या कपाटात गेले, तर 'तुझा गेम कुठे आहे?' असे विचारू नका, 'काय शिकलास?' असे विचारा.