विश्लेषण : उरणच्या घराला सेंट्रल एसी हवा की हीट पंप?

अटल सेतू आणि उपनगरी रेल्वेचा खारकोपर ते उरण हा टप्पा, या दोन्हींचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. द्रोणागिरी, उलवे आणि उरण शहरालगत नव्या इमारती उभ्या राहत आहेत, साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांवर घरे बांधली जात आहेत. घराचा ताबा मिळून इंटिरिअरचे काम सुरू झाले की पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न येतो. प्रत्येक खोलीत वेगळा एसी लावायचा, सगळ्या घराला मिळून सेंट्रल एसी करायचा, की सध्या चर्चेत असलेला हीट पंप घ्यायचा? फॉल्स सीलिंग बसून रंगकाम झाल्यावर हा निर्णय फिरवणे महागात पडते.

हीट पंप म्हणजे नेमके काय?

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम नळ्यांमधून फिरणारा शीतक वायू आणि कॉम्प्रेसर करतात. याच यंत्रात वायूची दिशा उलटवणारा व्हॉल्व्ह बसवला की ते बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणते. हाच हीट पंप. दुकानात ‘हॉट अँड कोल्ड’ नावाने मिळणारा एसी हा हीट पंपच असतो. म्हणजे थंडावा देण्याच्या कामात हीट पंप आणि एसी यांत मूलतः फरक नाही.

फरक पडतो तो गरम करताना. हीटरची कॉइल १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देते. हीट पंप हवेतली उष्णता नुसती वाहून आणत असल्याने तेवढ्याच विजेत साधारण ३ युनिट उष्णता देतो.

मग परदेशात त्याची एवढी चर्चा का?

अमेरिकेतील अनेक घरांत उन्हाळ्यासाठी सेंट्रल एसी आणि हिवाळ्यासाठी गॅसची भट्टी अशा दोन यंत्रणा असतात. हीट पंप दोन्हींची जागा घेतो, म्हणून तिथे ‘सेंट्रल एसी की हीट पंप’ हा खरा प्रश्न आहे. निफाडसारख्या भागात, जिथे थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तिथेही ‘हॉट अँड कोल्ड’ एसीचा विचार करता येईल. उरणला तिन्ही बाजूंनी समुद्र आणि खाडी. इथे जानेवारीची पहाटही चादर-गोधडीवर निभावते. खोली गरम करण्यासाठी उरणमध्ये जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

सेंट्रल एसी घरासाठी परवडतो का?

सेंट्रल एसीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकच यंत्र डक्टमधून सगळ्या खोल्यांना थंड हवा पुरवते. डक्टसाठी छताची उंची कमी करावी लागते आणि वेगळे नियंत्रण बसवले नसेल, तर एका खोलीसाठी सगळे घर थंड होते. दुसरा प्रकार व्हीआरएफ. यात एका मोठ्या आउटडोअर युनिटला अनेक इनडोअर युनिट जोडलेले असतात आणि प्रत्येक खोली स्वतंत्रपणे चालू-बंद करता येते. तो दिसायला नीटस आणि मोठ्या बंगल्याला सोयीचा आहे. मात्र खर्च जास्त, आणि आउटडोअर युनिट बिघडले की सगळे घर एकदम उकाड्यात.

दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दिवसा बहुतेक वेळ एक खोली आणि रात्री एक-दोन खोल्याच थंड लागतात. अशा घराला प्रत्येक खोलीत इन्व्हर्टर स्प्लिट एसी स्वस्त पडतो. एक बंद पडला तरी दुसऱ्या खोलीत झोपता येते. सेंट्रल यंत्रणेसाठी बऱ्याचदा मंजूर वीजभार वाढवून तीन फेजची जोडणी घ्यावी लागते. महावितरणच्या बिलात तीन फेजचा स्थिर आकार एक फेजपेक्षा जास्त असतो आणि एसी वापरला नाही तरी तो भरावाच लागतो.

उरणमध्ये एसी लवकर का गंजतो?

आउटडोअर युनिटमध्ये बहुधा तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खाऱ्या वाऱ्यातले मीठ आणि ओलावा यांच्यामुळे हे दोन धातू जिथे एकमेकांना चिकटतात तिथे ॲल्युमिनियम झिजू लागते. पट्ट्या भुरभुरीत होतात, थंडावा कमी होतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी वायू गळतो. मोरा, करंजा, नागाव, पिरवाडी या किनाऱ्यालगतच्या भागांत हा धोका अधिक. रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची वर्दळ असेल तर धुळीचा थर वेगळाच.

म्हणून खरेदी करताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का आणि गंजामुळे झालेली गळती वॉरंटीत येते का, हे लेखी विचारावे. आउटडोअर युनिट थेट समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात नको. हात पोहोचेल अशा जागी ते बसवले तर वीज बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने मीठ धुता येते. गंजाचा हा धोका हीट पंपालाही तितकाच आहे.

जास्त टनाचा एसी घेतलेला बरा का?

नाही. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन थंड करून मंदावते आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. उरणच्या हवेत खरा त्रास दमटपणाचाच. खोलीचे क्षेत्रफळ, पश्चिमेचे ऊन आणि वर गच्ची आहे का, हे पाहून टन ठरवावा.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाचा वीजवापर छापलेला असतो. तो १,६०० तासांच्या वापरावर काढतात. सहा महिने रोज रात्री आठ तास एसी चालवणाऱ्या घराचा वापर १,४४० तासांचा, म्हणजे त्याच्या जवळपास जातो. दोन यंत्रांच्या लेबलवर ८०० आणि १,००० युनिट असे आकडे असतील आणि वीज १२ रुपये युनिट धरली, तर वर्षाचा फरक २,४०० रुपये होतो. किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होईल, हे यावरून कळते. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे लेबलवरचा कालावधीही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीच्या कोटेशनशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

मग हीट पंप उरणमध्ये निरुपयोगी का?

खोलीसाठी नसला तरी न्हाणीघरासाठी तो उपयोगाचा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. गिझर तेवढीच वीज खातो. हीट पंप वॉटर हीटर तेच काम साधारण ०.८ युनिटमध्ये करतो. रोजची दीड युनिटची बचत धरली तर वर्षाला सुमारे ५५० युनिट, म्हणजे १२ रुपये दराने ६,६०० रुपये वाचतात. बाहेरची हवा जितकी उबदार, तितके हे यंत्र कमी विजेत चालते. उरणची हवा त्याला मानवणारी आहे.

अडचणीही आहेत. यंत्र महाग आहे, पाणी तापायला काही तास लागतात, टाकीला जागा लागते आणि पंख्याचा आवाज होतो. दोघांच्या घरात, जिथे दोन बादल्यांवर भागते, तिथे साधा गिझरच बरा. चार-सहा माणसांचे घर, बंगला, किंवा गच्चीवर सामायिक यंत्रणा बसवू शकणारी सोसायटी यांनी मात्र हिशेब करून पाहावा. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या घरगुती सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. असा संच असेल तर दुपारच्या विजेवर पाणी तापवून टाकीत रात्रीसाठी ठेवता येते.

निर्णय कसा घ्यावा?

फ्लॅट असेल तर वापरातल्या खोल्यांना इन्व्हर्टर स्प्लिट एसी घ्यावा. बाकीच्या खोल्यांत फक्त तांब्याच्या नळ्या, पाण्याचा निचरा आणि वायरिंग आधीच करून ठेवावे. मोठा बंगला असेल आणि बहुतेक खोल्या रोज वापरात असतील, तर व्हीआरएफचे कोटेशन मागवावे, पण दुरुस्तीचे तंत्रज्ञ उरण-पनवेल परिसरात आहेत याची खात्री करूनच. गरम पाण्याचा वापर मोठा असेल तर हीट पंपाचे पैसे तिथे घालावेत. आणि कोणताही एसी घेतला तरी रिमोटवर २४ अंश ठेवावेत. ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते.