शाहीर विलास घोगरे यांचे गाणे

चौदा एप्रिल जवळ आला की डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या आमच्या वस्तीत भीमगीते सुरू होतात. एके काळी कॅसेटी होत्या. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. आता तीच गाणी मोबाइलवर आली. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज! पण या गर्दीत एक आवाज आमच्या कानी फारसा पडत नाही, तो शाहीर विलास घोगरे यांचा.

मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर. कवन स्वतः रचायचे आणि आव्हान नाट्य मंचाच्या साथीदारांबरोबर वस्त्यांतून गायचे. मुंबईतल्या झोपड्या तोडल्या जात होत्या, त्यावर आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली 'हमारा शहर' हा माहितीपट काढला. त्यात घोगरे यांचे गाणे आहे. पोटासाठी शहरात आलेल्या माणसाचीच ती कथा.

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. हा घाव घोगरे यांना सोसवला नाही. काही दिवसांतच त्यांनी जीवन संपवले. लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या शाहिराने शेवटी डोक्याला निळी पट्टी बांधली होती.

त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. तो २०११ मध्ये आला. आम्हांला तो गाण्यांची मोठी कॅसेटच वाटतो. संभाजी भगत आहेत, कबीर कला मंचाची शीतल साठे आहे. त्याच शीतलला २०१३ मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. पुढे 'कोर्ट' या २०१४ च्या चित्रपटात तर शाहिराच्या गाण्यावरच खटला चालतो. त्यातली गाणी संभाजी भगतांची.

सरकारचे जाऊ द्या, आपले काय? जयंतीला शाहिराला बोलवायचे, मध्यरात्रीपर्यंत गाऊन घ्यायचे, आणि मानधनाचा विषय निघाला की मंडपवाल्याची थकबाकी आठवते! त्याच्या घरीही चूल असते, हे आम्हीसुद्धा कितीदा विसरलो आहोत. गेल्या वर्षी एका शाहिराला आम्ही नारळ आणि शाल देऊन लोकलच्या गर्दीत परत पाठवले. त्यात आम्हीही होतो.

'जय भीम कॉम्रेड' आम्ही घरी दोन रात्रींत पाहिला. सकाळी पहिली पाळी असते, तीन तास एका बैठकीत कुठून काढणार? आमच्या आत्या पूर्वी मुलुंडला राहत. घोगरे यांचे गाणे लागले तसे त्यांचे ओठ हलू लागले.

"आत्या, याची कॅसेट होती का तुमच्याकडे?"

"कॅसेट कसली रे? मोर्च्यात ऐकलेलं. थांब, पुन्हा लाव."

पुन्हा लावले. या वेळी आत्या मोठ्याने गाऊ लागल्या, आणि धाकटीने वही काढून शब्द उतरवून घेतले.