जोत्यापर्यंतचा पैसा : हिंगोलीतील घरकुलांचा मागोवा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या खेड्यांत घर बांधण्याच्या दोन जुन्या रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. ऐपतदार कुटुंबे माळवदाच्या घरात राहत, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर दाबून केलेले सपाट छत. तर शेतमजुरांच्या घरांना पऱ्हाट्या-तुराट्यांचे, शेणामातीने लिंपलेले कूड असत. माळवदाला सुतार आणि गवंडी लागत, तरी माती कोठून आणावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर छताला नवा थर केव्हा द्यावा, हे घरच्या माणसांना ठाऊक असे. सिमेंटच्या घरात हे ज्ञान कामाचे राहिले नाही, आणि त्याची जागा घेणारे दुसरे ज्ञान मात्र घरधन्याला कोणी दिले नाही.

या स्थित्यंतराला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने वेग दिला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले, त्यामुळे त्या रीतीच्या घराविषयीचा विश्वास मराठवाडाभर डळमळला. ज्याला स्लॅब परवडत नव्हता त्याने पत्रे टाकले.

शासकीय घरबांधणी याआधीच सुरू झालेली होती. १९८५-८६ मध्ये आरंभलेली इंदिरा आवास योजना १९९६ मध्ये स्वतंत्र झाली आणि २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. लाभार्थ्याने घर स्वतः उभे करावे, कंत्राटदार नेमू नये, हे तत्त्व दोन्हींत कायम राहिले. नव्या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी अशी मांडणी आहे. राहणाऱ्याने आपल्या घराचे निर्णय आपण घ्यावेत, हा विचार ब्रिटिश वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी पेरूमधील वस्त्यांच्या अनुभवावरून १९७० च्या दशकात ठामपणे मांडला होता. हिंगोलीच्या लाभार्थ्याकडे जबाबदारी पूर्ण आली, पण पैसा केव्हा हाती पडावा हे ठरवणे त्याच्याकडे आले नाही.

ही त्रुटी सर्वांत जास्त जाणवते ती पायात. पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः वसमत तालुक्यात, काळी माती खोल आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत उथळ पाया घातला तर एखाद्या पावसाळ्यातच भिंतीला तिरके तडे जाऊ लागतात. उपाय गावातल्या गवंड्यालाही माहीत असतो : मुरूम, म्हणजे खडकाची झीज होऊन बनलेला घट्ट थर, लागेपर्यंत खोदावे, आणि तो फार खोल असेल तर काळी माती काढून बाहेरचा मुरूम थराथराने दाबून भरावा. सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या माळरानावर हे काम थोडक्यात आटोपते, तर नदीकाठच्या गावात त्यालाच मोठा खर्च येतो. तरीही अनुदान दोन्हीकडे सारखेच. मंजुरीनंतरचा पहिला हप्ता १५ हजारांचा, आणि पुढचा हप्ता जोते, म्हणजे जमिनीवर दिसणारा पायाचा चौथरा, पूर्ण झाल्यावर. जोत्याचा पुरावा म्हणून स्थाननोंदीसह छायाचित्र काढले जाते. त्यात उंची दिसते, खोली दिसत नाही. उधारीवर पाया घालणारा माणूस खोदाईत काटकसर करतो, यात नवल कसले?

दुसरी अडचण ऋतूची. सुगीनंतर पैसा आणि सवड एकत्र येतात, म्हणून बांधकाम फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात चालते. नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात, आणि सिमेंटला ताकद येण्यासाठी स्लॅबवर निदान आठवडाभर, कडक उन्हात त्याहून अधिक, पाणी धरून ठेवावे लागते. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीत पिण्याचे पाणी आणि स्लॅबचे पाणी यांत निवड करावी लागते. तेथे स्लॅब कमी भिजला तर त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसरी अडचण भूकंपाची. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ तीव्रतेचा आणि त्यापाठोपाठ ३.६ तीव्रतेचा, तर १० जुलै रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जिल्ह्यात बसला. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना सलग बांधणारा सळयांचा काँक्रीट पट्टा अशा वेळी भिंती विलग होऊ देत नाही. लहान घरात त्याचा खर्च बेताचा असतो, पण गिलाव्याखाली तो झाकला जात असल्याने पायाप्रमाणेच त्यावरही कात्री चालते.

२०२५ मध्ये राज्याने घरकुलाला ५० हजारांची वाढ दिली, त्यांतील १५ हजार सौर संचासाठी राखले, आणि नव्या वाळू धोरणात ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू ठेवली. जमिनीच्या जातीनुसार पायासाठी निराळी रक्कम मात्र अजून नाही; डोंगराळ व दुर्गम भागांना १० हजार अधिक देणारी योजना काळ्या मातीला सपाट प्रदेशातच मोजते.